सकिनाबी विचारल्याशिवाय देत नोती

सकिनाबीच्या दुकानात जाचं म्हटलं का मले घरूनच जवाब तयार करून न्या लागे. नुसती तेलाची बाटली घेऊन गेलं तं भागत नोतं.

"पावभर साखर द्या चाची."

ती वजन हातात घे अन् तसीच थांबे. "काऊन? कशाले पायजे?"

आता काऊन म्हणजे काय? मानूस साखर काऊन घेते? पण तिच्या इथी तसं चालत नोतं. परवा पावभर नेली, आज पुन्हा पावभर, मंग घरी कोण आलं? भाऊ आला का नणंद आली? किती दिवस राह्यते? सांगतलं का साखर तराजूत पडे. नाई सांगतलं तं मागच्याचं काम पयले होये. चार जण सामान घेऊन चालले जात, तुमी आपले बाटली धरून उभे.

"लपवाचं काय त्याच्यात?" ती म्हणे. "चोरीची साखर खाऊन राह्यली का?"

आमचं गाव नागभीडच्या इकडं, तलावाच्या पोटाशी. दुकान गावात एकच. एस.टी. थांबे तिथंच, कवेलूच्या छपराखाली. समोर गुळाची ढेप, ढेपीवर माशा, अन् माशाइच्या मागं सकिनाबी. बसाले तेलाचा पिपा उलटा टाकलेला, त्याच्यावर उशी. बाई ठेंगणी, आवाज मात्र तलावाच्या पल्ल्याड जाये. चष्म्याची एक कांडी तुटली होती, तिथं सुतळी बांधून कानाले अटकवलेली. तिचे मालक, आमी त्याइले चाचा म्हणत, आठ दिवसाले सायकलनं नागभीडले जाऊन माल आणत. चाचा काही बोलत नोते. त्याइच्या वाट्याचं बी तीच बोले.

गावात मुसलमानाचं ते एकच घर. बोले ती आमच्यासारखीच, पण राग आला का हिंदीत जाये. ती हिंदीत गेली का बाया समजून जात, आता जरा सरकून उभं राहा लागते.

तिच्या तुरीच्या डाळीत खडे राहत. मी एकदा ओंजळभर खडे निवडून नेले अन् तिच्या पाटावर ठेवले. म्हटलं, "हे पाहा तुमची डाळ." तिनं चष्मा वर करून पाह्यलं. म्हणे, "हे खडे मी तुले वरचे पैसे न घेता देले. अन् एवढे निवडत बसतेस म्हणजे तुले काम नाई." अन् ते खडे तिनं उचलून तांदुळाच्या पोत्यामागं टाकले. फेकले नाई हो, पोत्यामागं टाकले. मले अजून संशय हाये का ते परत माह्याच घरी आले असन.

कोण काय घेते त्याच्यावरून तिले गावातल्या चुली दिसत. एकदा शाळेचे मास्तर आले. साबणाची एक वडी, दोन कांदे, अन् चहाची सगळ्यात लहान पुडी. सकिनाबीनं कांदे तराजूत टाकले अन् म्हणे, "मास्तर, बाई माहेरी गेल्या वाटते."

मास्तर म्हणे, "नाई नाई. तब्येत बरी नाई तिची. निजून हाये."

"निजून हाये तं तिच्या चहाची पत्ती कुठी हाये? ही पुडी तं एका मानसाची हाये. अन् लाल दंतमंजन बाईच वापरत होत्या, ते दोन हप्त्यापासून नाई नेलं तुमी."

मास्तर तांबडे झाले. पाच-सहा बाया उभ्या होतो आमी. संध्याकाळपरेंत गावाले माहीत झालं का मास्तरीनबाई भांडून गेल्या. चौथ्या दिवशी मास्तरचा साळा बाईले घेऊन बसनं उतरला, दोघाइले समोरासमोर बसवलं, भांडण मिटलं. मास्तर सहा महिने तिच्या दुकानासमोरून छत्री आडवी धरून जात. बाई मात्र आल्या अन् त्याच दिवशी लाल मंजन घेऊन गेल्या, चांगल्या हासत.

आता हे चांगलं म्हणाचं का वाईट म्हणाचं, तुमीच सांगा. मले तं तिचा राग बी ये अन् तिच्या दुकानात गेल्याशिवाय दिवस बी जात नोता.

आमी ढिवर. मासोळ्या धराच्या, विकाच्या. पावसाळ्यात लोकाइच्या धानाच्या बांध्याइत रोवण्याले जाचं. माहा मालक तापानं गेला तेव्हा माही पोरगी मीना सात वर्षाची होती. ताप येऊन चौथ्या दिवशी खल्लास. त्याच्यानंतर जाळं मीच उचललं. कंबरभर पाण्यात थंडीच्या दिवसात उतरा लागे. पायाले भेगा पडत, त्याच्यात चिखल जाये. चालाचंच.

मालकाची माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकिनाबी आली. बाया रडत होत्या, तिनं बी मले पोटाशी धरलं, रडली. मंग उठली अन् सिद्दी चुलीपाशी गेली. एक एक डबा उघडून पाह्यला. अन् तिथूनच, साऱ्या बायाइच्या समोर, म्हणे, "तांदूळ हाये. हळद हाये. तेल नाई. मीठ हाये पण पाणी सुटलं त्याले. चहापत्तीचा डबा रिकामा वाजते."

मले वाटलं जमीन फाटली तं बरं. मालक गेल्याचं दुख एकीकडं राह्यलं, मले डबे वाजल्याची शरम आली. दिवस बुडाच्या आत चाचा सायकलवर तेल, मीठ, चहापत्ती अन् गूळ ठेवून गेले. एक शब्द बोलले नाई. पण दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाले माहीत, काय काय देलं ते. गुळाच्या खड्यासकट. तिनं देलं बी, अन् सांगतलं बी. मी ते तेल वापरलं अन् तिले मनात शिव्या बी देल्या. दोन्ही केलं.

तिले मरळ लय आवडे. मी टोपलं घेऊन निघाली का पयले तिच्या दुकानासमोर थांबा लागे. ती मरळाचे कल्ले उचलून पाहे, पोटाले बोट लावे, अन् दर खेपेले एकच, "हा तं कालचा मेला हाये." मी सकाळी पाण्यातून काढलेली मासोळी, माहे लुगडे बी ओले, अन् ही म्हणे कालचा. असं म्हटलं का मंग मासोळीच्या बदल्यात सामान कमी. तिचं गणित मले समजे, पण बोलता येत नोतं.

एका दिवशी चांगला हातभर लांब मरळ सापडला. आता मरळ पाण्याबाहेर बी घंटे घंटे जिता राह्यते, मुकाट्यानं पडून राह्यते, हे आमच्या लेकराइले बी माहीत. तिनं टोपल्यात हात घातला, बोट लावलं, म्हणे, "पार्वता, हा तं कालचा मेला..."

तिचं वाक्य पुरं झालंच नाई. मरळानं अशी उडी मारली का तिच्या खांद्यावरून गेला अन् बेसनाच्या उघड्या पोत्यात पडला. मंग काय बाप्पा! धप धप धप. सारं दुकान पिवळं. सकिनाबी पिप्यावरून खाली, चष्मा सुतळीले लोंबून राह्यला, भुवया बेसनाच्या. अन् हिंदी सुरू. "पकडो! अरे पकडो उसको!" चाचा आतून धावत आले, त्याइनं पोत्याचं तोंडच बांधून टाकलं. पोतं आपलं जाग्यावर नाचून राह्यलं.

मी म्हटलं, "चाची, आता तळूनच टाका. बेसन लागलंच हाये."

चाचा हासले. मी त्याइले हासताना पयल्यांदा पाह्यलं. ती तिघाइकडं पाहून राह्यली, माह्याकडं, चाचाकडं, पोत्याकडं. मंग म्हणे, "ठीक हाये. आजचा हाये." त्या दिवशी सामान बराबर भेटलं. पण पुढच्या खेपेले पुन्हा कालचाच मेला.

कधी कधी ती जे मागतलं तेच देत नोती. मीना दहावीत गेली तेव्हा मले वाटलं, पोरगी मोठी झाली, तिच्यासाठी पावडरचा डबा घ्यावा. गेली. दोन-तीन गिऱ्हाईकं होते.

"पावडर?" सकिनाबी म्हणे. "तुले? पावडर लावून तलावात उतरशीन का पार्वता? मासोळ्या भुलून येईन म्हणते का जाळ्यात?"

सारे हासले. मी बी हासली, काय करता. घरी आली तं डोळ्याले पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मीना शाळेतून आली, दप्तरात पावडरचा डबा. "चाचीनं देला," म्हणे. "आईले सांगजो म्हणे, एवढ्या लोकाइत मागाचं नसते." अशी होती ती. मारे तीच, फुंकर बी तिचीच, पण दुसऱ्या दिवशी.

मीना दुकानात जाये तं घंटा घंटा येतच नोती. ती सकिनाबीले पुड्याच्या कागदावरचं वाचून दाखवे. सकिनाबीले वाचता येत नोतं, पण पुड्या बांधाच्या आधी त्याच्यावर काय लिहलं हाये ते आईकाची भारी हौस. मी चिडे. घरी भांडे पडले हाये अन् ही तिकडं कागद वाचून राह्यली.

मले तेव्हा एकच घोर होता, मीनाचं लग्न. ती बारावीले गेली, अठरावं लागलं. घरात पुरुष मानूस नाई, पोरगी उंच, दिसाले ठीक, अन् गावात दहा तोंडं. म्हटलं माह्या हातपायात जोर हाये तोपरेंत उजवून टाकलेली बरी. मले दुसरं काही सुचतच नोतं.

आता आमच्याकडं रीत अशी हाये का पोरगी पाह्याले येणारे सिद्दे घरी येत नाई. गावात उतरले का पयले दुकानात थांबतात. एखादी सुपारी घेतात, पाणी मागतात, अन् बोलता बोलता विचारतात, फलाण्याचं घर कसं हाये, पोरगी कशी हाये, माय भांडकुदळ तं नाई? दुकानदारानं मान हालवली का सोयरीक पुढं जाते. दुकानदारानं तोंड वाकडं केलं का पाहुणे त्याच बसनं परत. आमच्या गावात दुकानदार म्हणजे सकिनाबी. म्हणजे साऱ्या पोरीइचं नशीब त्या तेलाच्या पिप्यावर बसून होतं.

मीनाले दोनदा विचारणं आलं होतं. दोन्ही वेळेस मी तिच्या दुकानातून पोहे, साखर, शेव आणली, अन् दोन्ही वेळेस पाहुणे याच्या आधीच गावाले माहीत. सोयरीक काही जमली नाई अन् मंग बाया नळावर विचारत, "काऊन वो पार्वता, काय झालं?" मी म्हटलं आता तिसऱ्या वेळेस ह्या बाईले पत्ताच लागू द्याचा नाई.

तिसरे पाहुणे सिंदेवाहीकडचे. पोरगा ट्रॅक्टर चालवे, घरी वावर, मायबाप जिते. माह्यासारखीले अजून काय पायजे? मी मुकाट्यानं दोन कोस चालत फाट्यावर गेली. तिथं नवीन दुकान निघालं होतं. पोहे घेतले, साखर घेतली, शेव घेतली. आता परत येताना वाट सकिनाबीच्या दुकानावरूनच. हातात पिशवी दिसली तं संपलं. मी काय केलं, सारं सामान मासोळ्याच्या टोपल्यात ठेवलं, त्याच्यावर ओलं जाळं टाकलं, अन् डोक्यावर घेऊन तिच्या समोरून गेली.

"काय हाये पार्वता आज?" तिनं तिथूनच विचारलं.

"झिंगे हाये चाची. बारीक हाये, तुमच्या कामाचे नाई."

पयल्यांदा तिले फसवलं म्हणून मी अशी खुश! घरी आली, टोपलं उतरवलं. मीनानं पोह्याची पुडी उघडली, नाकाले लावली अन् बाजूले केली. "आई, पोह्याले झिंग्याचा वास येऊन राह्यला."

खरंच येत होता. जाळ्याचं पाणी झिरपून गेलं होतं. पोहे दोनदा धुतले, उनात घातले. लिंबू पिळलं, हिरवा सांबार चिरून टाकला, कांदा टाकला. वास जाता जात नाई. शेजारची मांजर सकाळपासून दारात बसून, हाकलली तरी जाये ना.

पाहुणे दहाच्या बसनं येणार होते. मीनाले नवं लुगडं नेसवलं. दहा वाजले. अकरा वाजले. बसचा आवाज आला अन् गेला. मी दारात, मांजर दारात. दुपार झाली, जेवणाची वेळ गेली. चार वाजता शेजारची सुमन पाण्याले गेली होती ते परत आली. म्हणे, "अवो, तुमच्याकडे कोणी येणार होतं का? दोन पुरुष, एक बुढी अन् एक पोट्टा सकाळी सकिनाबीच्या दुकानात बसून होते. चहा घेतला अन् दुपारच्या बसनं चालले गेले."

माह्या आंगातून जाळ निघाला. मी तसीच गेली. चप्पल बी घातली नाई.

सकिनाबी उडदाची डाळ पाखडत होती. मी म्हटलं, "माहे पाहुणे कुठी हाये?"

"गेले."

"कुठी गेले?"

"आपल्या घरी. मी परत लावले." सूप थांबलं बी नाई तिचं.

"काऊन?"

आता पाहा, आयुष्यभर तिनं मले काऊन विचारलं. त्या दिवशी मी तिले विचारलं.

"मले पसंत नाई पडले," ती म्हणे. "त्या बुढीनं गुळाच्या ढेपीले तीनदा बोट लावलं, चाखलं, अन् घेतला नाई. जे बाई दुसऱ्याचा गूळ असा चाखते ते सुनेले काय खाऊ घालन? अन् पोट्टा? मी त्याले विचारलं, चहा घेतं का, तं मायच्या तोंडाकडं पाहे. तीस वर्षाचा घोडा. चहा घेऊ का नाई ते मायले विचारते."

"पोरगी तुमची होती का?" मी म्हटलं. "तुमी कोण त्याइले परत लावणाऱ्या? काय सांगतलं तुमी त्याइले?"

"सांगतलं का पोरीची सुपारी फुटली. दुसरीकडं जमलं."

मले तिथीच बसा लागलं. अवो, एकदा लोकाइत झालं का पोरगी ठरलेली हाये, तं मंग कोण विचाराले येते? अन् ठरली म्हणता अन् लग्न होत नाई, तं लोकं काय म्हणतीन? मी तिले जे तोंडाले आलं ते बोलली. तिच्या सात पिढ्या काढल्या. थांब्यावरची सारी मानसं उभी राहून आईकत होती. ती हिंदीत गेली नाई. तेच मले नवल वाटलं. डाळ पाखडत राह्यली, अन् मी दम घ्याले थांबली तेव्हा म्हणे, "झालं? आता घरी जा. पोरगी उपाशी असन."

घरी येऊन आमी दोघीनं ते पोहे खाल्ले. राह्यले ते मांजरीले घातले.

तिनं सांगतलेलं बराबर पसरलं. तिचं सांगणं होतं, पसरणारच. कोणी विचारे, "कुठी देली वो मीनाले?" मी म्हटलं का कुठी नाई, तं लोकं समजत का लपवते. दीड-दोन वर्ष एक मानूस आला नाई. मीना आपली काही बोले नाई. भांडे घासताना गाणे म्हणे, अभ्यास करे. मी मनात म्हणे, पाहा माह्या लेकराले, दुख पोटात ठेवून राह्यली, मले दाखवत नाई. मले तिची लय कीव ये. बारावी झाली, तिनं नर्सच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला, गडचिरोलीले नंबर लागला. मी म्हटलं जाऊ दे, घरी बसून तरी काय करन.

सकिनाबीच्या दुकानात जाणं मी बंद केलं. मीठ, तेल, सारं फाट्यावरून. दोन कोस जाणं, दोन कोस येणं. उन्हाळाभर गेली, रोवण्याच्या दिवसात चिखल तुडवत गेली. फाट्यावरचा दुकानदार चांगला होता बिचारा. डाळीत खडा नाई. मीठ म्हटलं का मीठ, साबण म्हटलं का साबण. पिशवीत घालून हातात दे. एक दिवस मी त्याच्याकडून पावभर साखर घेतली अन् उभीच राह्यली.

तो म्हणे, "अजून काही पायजे का बाई?"

"नाई," मी म्हटलं. मंग मीच सांगतलं, "माही पोरगी आली हाये सुट्टीत. नर्सचं शिकते."

"अच्छा," तो म्हणे, अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं पाह्यलं.

त्या दिवशी परत येताना मले दोन कोस लय लांब वाटले. आठ दिवस गेले, मंग मीच सकिनाबीच्या दुकानात गेली. बाटली पाटावर ठेवली. तिनं चष्मा नीट केला. "इतके महिने काय अळणी खाऊन राह्यली का?" म्हणे. अन् मंग मीना सुट्टीत काय जेवते, होस्टेलात पाणी कसं हाये, किती किलो उतरली, सारं विचारून घेतलं. तेल भराले अर्धा घंटा लागला. पण माफी तिनं मागतली नाई, अन् मी बी तिले माफ केलं नाई. ते काय तेल-मिठात बसणारं नोतं. मी साऱ्याइले सांगे, हे बाई माह्या पोरीची सोयरीक मोडणारी हाये. तिच्यासमोर बी सांगे. ती म्हणे, "हाव, मीच." अन् पुड्या बांधे.

मीनाले कुरखेड्याले नोकरी लागली. तिनं तिच्या पसंतीनं लग्न केलं, तिथल्याच दवाखान्यातला पोरगा, गाडीवर ड्रायव्हर. चांगला हाये, मले सासूले सोता पाणी आणून देते. सिंदेवाहीच्या त्या पोराचं बी बरं चाललं म्हणतात. पक्कं घर बांधलं, बायको चांगली भरलेली हाये, म्हणजे गूळ भेटत असन तिले. त्याच्यात बी सकिनाबीचं चुकलंच.

मंग चाचा गेले. गावात अजून दोन दुकानं निघाली, तिच्या दुकानात पाटावर धूळ बसाले लागली. तिचा पोरगा गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात होता, तो येऊन तिले घेऊन गेला. मी तेव्हा रोवण्याले गेली होती. परत आली तं कुलूप.

मीनाच्या बाळंतपणाले मी कुरखेड्याले गेली. पयला नातू. त्याले आंघोळ घालता घालता मी आपली बोलून राह्यली, सवयीनं, "त्या सकिनाबीनं मोडता नसता घातला तं हा आता शाळेत जात असता."

मीना खाटेवर होती. हासली. म्हणे, "आई, एक सांगू? रागावशीन नाई ना?"

"सांग."

"चाचीनं नाई मोडलं. मी सांगतलं होतं तिले."

माह्या हातातला तांब्या तसाच राह्यला. पोट्टं रडाले लागलं, आंगावर पाणी अर्धंच.

ती म्हणे, "पाहुणे याच्या आदल्या दिवशी मी तिच्या दुकानात गेली होती. पोत्यामागं बसून लय रडली. म्हटलं, चाची, मले बारावी करू द्या, मले ट्रेनिंगले जाचं हाये, आई आईकत नाई. ती म्हणे, तुह्या मायले आता काही सांगू नोको. ती घाबरलेली हाये, घाबरलेलं मानूस आईकत नाई. तू पुस्तक घे अन् घरी जा, पाहुणे माह्यावर सोड. मी म्हटलं, आई तुमाले सोडणार नाई. तं म्हणे, मले शिव्याइची आदत हाये, तुले नाई."

मी पोट्ट्याले पुसलं, गुंडाळलं, तिच्या बाजूले ठेवलं. बाहेर येऊन पायरीवर बसली. साऱ्या गावाच्या चुली चव्हाट्यावर मांडणारी बाई. मी तिले दर वर्षी, दर सणाले, लोकाइत शिव्या घालत होती, अन् ती हाव म्हणून पुड्या बांधून राह्यली होती. तिचा मले राग आला. खरं सांगते, पयले रागच आला. मानसानं असं कोणाले शिव्या घालू द्या का?

नवे तांदूळ निघाले तेव्हा पायलीभर घेतले अन् गडचांदूरले गेली. तिकडं झाडाइची पानं बी पांढरी, सारं राखेसारखं. तिच्या पोराचं घर दुसऱ्या मजल्यावर. सकिनाबी खिडकीपाशी खुर्चीत बसून होती. लहानशी झाली होती. चष्मा नवा, दोन्ही कांड्याचा. तिले तो शोभत नोता.

सुनेनं चहा देला. सून आत गेल्यावर मी म्हटलं, "मीनानं सांगतलं मले."

"काय सांगतलं?"

"सारं."

ती चहा फुंकत राह्यली. "झूट बोलते तुही पोरगी. मले ते बुढीच पसंत नोती."

"चाची."

"गूळ चाखला होता तिनं. तीनदा."

मंग तिनं कप खाली ठेवला. म्हणे, "बरं, एक सांग. मी तेव्हाच तुले खरं सांगतलं असतं, का पोरगी नाई म्हणते, तं तू काय केलं असतं?"

आता मी खोटं बोलू शकली असती. दुसऱ्या कोणाजवळ बोलली असती.

"मारलं असतं तिले," मी म्हटलं. "अन् देऊन टाकली असती."

"मंग," सकिनाबी म्हणे, अन् कप उचलला.

एवढंच. माफी मी बी मागतली नाई. आमी मंग तांदळाचं बोललो, पोराचं बोललो. सुनेच्या हातच्या भाजीत मीठ कमी राह्यते ते तिनं मले सांगतलं, सुनेले आईकू जाईन अशा आवाजात.

निघाली तं ती जिना उतरून खाली आली. सून नोका नोका म्हणत होती. कठड्याले धरून धरून आली, फाटकापाशी उभी राह्यली. बसचा थांबा रस्त्याच्या त्या बाजूले. बस आली, लय भरलेली, कारखान्याची सुट्टी झाली होती. मी एक पाय वर ठेवला तं मागून तोच आवाज, तलावाच्या पल्ल्याड जाणारा.

"ओ कंडक्टर! त्या बाईले जागा द्या बसाले! तिची पोरगी नर्स हाये! सरकारी हाये, कुरखेड्याले!"

साऱ्या बसनं माह्याकडं पाह्यलं. मी पदर तोंडाशी घेतला. खिडकीतून पाह्यलं तं ती फाटकाले धरून उभी, अजून काहीतरी सांगूनच राह्यली होती, पानपट्टीवाल्याले, माह्याकडं बोट दाखवून. बस निघाली.

एका बाईनं सरकून जागा देली. मांडीवर लेकरू होतं तिच्या. मी बसली तशी म्हणे, "मावशी, तुमची पोरगी नर्स हाये ना? याले तीन दिवसापासून ताप हाये वो, उतरतच नाई."

मले कायचं समजते त्याच्यातलं. पण मी लेकराच्या कपाळाले हात लावून पाह्यला.

"दवाखान्यात नेलं का नाई?" मी विचारलं. "काऊन नाई नेलं?"